घरीच

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं खाल्ल्याशिवाय हलत नाही.
खाली जायला दहा तेत्री, वर यायला दहा.
ऑफिसला कुलूप लागलं, काम घरी आलं,
तेव्हा मी पहिला हिशेब केला तो याचाच:
महिन्याला साडेचार लारी वाचले.

स्वयंपाकघरातलं टेबल. एक पाय आखूड, खाली पुठ्ठा.
तिथे बसून दिवसभर तपासतो
हॅनोव्हरमधल्या लोकांचे फुटलेले नळ:
कुणाचं तळघर भिजलं, कुणाचा पियानो,
भरपाई द्यायची की नाही.
माझ्या स्वतःच्या सिंकखाली बादली आहे.
मीटिंगमध्ये टपटप ऐकू जाऊ नये
म्हणून तिच्या तळाशी फडकं घातलंय.

तसं बरं आहे.
दुपारी घेवड्याची उसळ गरम मिळते.
शर्टाला इस्त्री चौथ्या बटणापर्यंतच.
बाबा न्हाणीघरात घसरले तर दोन ढांगांत पोचता येतं.
(फेब्रुवारीत घसरले. पोचलो.)

पण समोरची त्सियाला विचारते,
“तू घरीच असतोस ना?”
त्या एका ‘च’ने माझी अख्खी नोकरी खाल्ली.
घरीच आहेस तर गॅसवाल्याला दार उघड,
घरीच आहेस तर पार्सल घे,
मांजराला बघ, पोराला बघ,
गोदेर्झीचा सोफा चढवायचाय, जरा हात लाव.

आणि बाबा.
रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं,
पहाटे साडेपाचची बस.
जो कामाला जात नाही
तो कामातून गेला, असं त्यांचं साधं व्याकरण.
एका सकाळी माझ्या कोटाच्या खिशात
पाच लारींची नोट निघाली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
तिसऱ्या दिवशी नोटेला चिठ्ठी:
सिगारेटसाठी. लाजू नकोस.

तेव्हापासून साडेआठला बूट घालतो.
मफलर. बॅग, बॅगेत एक सफरचंद.
“येतो” म्हणतो,
आणि येतोच, सात मिनिटांत.
दहा तेत्री खाली, इमारतीला एक फेरी, दहा तेत्री वर,
किल्ली हळू, बूट हातात.
वाचलेले साडेचार लारी गेले ते असे.
बाबांना कमी ऐकू येतं,
पलीकडच्या खोलीत टीव्ही मोठा असतो.

गेल्या मंगळवारी ते पाणी प्यायला आले.
मला पाहिलं. दारातच थांबले, अदबीने.
“तुम्ही नळाचे का?”
हो म्हणालो. फारसं खोटं नव्हतं.
त्यांनी चहा टाकला.
कपाटाच्या वरच्या फळीवरून
पांढऱ्या चेरीचा मुरंबा काढला,
जो माझ्यासाठी कधी निघत नाही,
आणि बसले समोर.

“मुलगा आहे मला, मालखाझ.
मध्यंतरी घरी बसून होता. वाईट दिवस.
मी रात्री उठून त्याचे बूट पुसायचो,
म्हटलं, चकचकीत दिसले तर घालावेसे वाटतील.
आता जातो. मोठ्या हुद्द्यावर आहे.
पाण्याचंच काहीतरी बघतो, जर्मनांच्या.
त्याला सांगू नका हं बुटांचं.”

कानातल्या हेडफोनमध्ये बाई विचारत होती,
मिस्टर मालखाझ, ऐकू येतंय ना?
येत होतं.

सहाला बूट हातात घेऊन सटकलो.
खिशात एकच नाणं निघालं,
ते खाली जाण्यात गेलं.
नऊ मजले जिन्याने चढलो,
धापा टाकत स्वतःच्या दारावरची बेल वाजवली.

बाबांनी दार उघडलं.
“दमलास,” म्हणाले, “बस.
नळवाला येऊन गेला आज.
माणूस चांगला होता, मुरंबा खाल्ला, ऐकून घेतलं सगळं.
बादली मात्र
तशीच ठेवून गेला बघ.”